व्हॉल्व्ह तापू द्या
दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत रात्र रात्र जागवतात. भोंग्यात आवाज फाटला तरी प्रेक्षक उठत नाही. जॅझ गिटारला मात्र फाटणं चालत नाही. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर आधी तापू द्या (जुन्या रेडिओसाठी थांबायचोच की आपण). गिटारचा दांडीजवळचा पिकअप निवडा, ट्रेबल उतरवा, गेन कमी ठेवा. व्हॉल्व्हवर जोर पडला की सूर आधी गोलसर होतो, मग खरखरतो. त्या खरखरीच्या अलीकडेच थांबायचं. तरीही सूर टोचत असेल, तर पिक बाजूला ठेवून जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरीसारखं अंगठ्यानं वाजवून बघा. नवा अ‍ॅम्प घ्यायचा विचार त्यानंतर करा.