तांडेलाची विद्या

उज्जैनच्या टावर चौकात उभे राहिल्यावर समुद्राची आठवण व्हावी, असे तेथे काही नाही. मनोऱ्यावर घड्याळ, भोवती बाजार आणि किनारा तर शेकडो मैल दूर! तरीही दर्यावर्दी माणसाने या नगरीला वंदन करावे. प्राचीन भारतीय ज्योतिषांनी शून्य रेखांश या उज्जयिनीवरूनच धरला होता. रेखांश आणि घड्याळ यांचे नातेही जुने आहे. समुद्रावर अचूक चालणारे घड्याळ अठराव्या शतकात सिद्ध झाले आणि युरोपीय नाविकांची मोठी अडचण दूर झाली.

मग त्याच्या कितीतरी शतके आधी पॉलिनेशियन लोकांनी प्रशांत महासागर ओलांडून हवाई बेटे वसविली ती कशाच्या बळावर? तारे कोठे उगवतात नि मावळतात, लाटा होडीला कोणत्या बाजूने उचलतात, सायंकाळी पक्षी कोणत्या दिशेला परततात, यांवरून ते वाट काढीत. १ मे १९७६ रोजी ‘होकुलेआ’ ही जोडहोडी उपकरणांवाचून हवाईहून निघाली आणि ४ जूनला ताहितीला पोहोचली. तिला वाट दाखविणारे माऊ पिआइलुग मात्र दूरच्या सातावाल बेटावरचे होते. कारण हवाईत ही विद्या जाणणारा कोणी उरलाच नव्हता. घराण्यात जपलेली ती विद्या माऊंनी परक्यांना शिकविली. म्हणूनच १९८० साली नैनोआ थॉम्सन या हवाईच्या सुपुत्राला तोच प्रवास स्वतः करता आला.

आपल्या किनाऱ्याने यातून काय घ्यावे? गोव्यात बांधलेले ‘कौंडिण्य’ जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले. अजिंठ्याच्या चित्रावरून आराखडा घेऊन, केरळचे बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली, त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या गेल्या. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ रोजी ते मस्कतला पोहोचले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

परंतु जहाज पुन्हा बांधता येते. समुद्र वाचणारी नजर गोदीत बांधता येत नाही. मतलई वारा केव्हा पडेल, उधाण कधी आणि भांग कधी, काळोख्या रात्री कोणता तारा धरावा, हे जाणणारे वृद्ध तांडेल अजून आपल्या गावांत आहेत. उपग्रहाच्या यंत्राने अनेकांचे प्राण वाचले आहेत. ते फेकून द्या असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण यंत्र बंद पडलेल्या रात्री कामी येणारे ज्ञान त्या वृद्धांबरोबर चितेवर जाऊ देणे, हा करंटेपणा आहे.

मत्स्योद्योग खात्यांनी आणि विद्यापीठांनी या मंडळींना मानाने बोलावून त्यांचे ज्ञान नोंदवून घ्यावे. एवढ्यावर न थांबता त्यांच्यासोबत मुलांना होडीत बसवावे. आणि खारवी, गाबीत, कोळी यांच्याच नव्हे, तर शिकू इच्छिणाऱ्या कोणत्याही घरच्या मुलांना! कारण समुद्रगमन कलिवर्ज्य ठरवून बसलेल्या समाजाने ही विद्या आजवर मोजक्या जातींवर सोपविली आणि तिची किंमत मात्र कधी केली नाही. नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ अर्पण करतो. त्याच दिवशी गावच्या तांडेलासमोर शिष्य म्हणून बसलो, तरच ती पूजा पुरी होईल.