एक भाकर जास्तीची

मायबहिणींनो, लेक नोकरीला गेला तरी आईचा हात ऐकत नाही. माझंच सांगते. दोन वर्षं झाली, अजून परातीत पीठ घेते ते चौघांचंच. शेवटची भाकर तव्यावर फुगली की ध्यानात येतं, ही खाणारा तर चाकणला कारखान्यात. ती शिळी भाकर सकाळी कुस्करून मीच खाते. (घरधनी म्हणतात, गाईला घाल. गाईला तरी रोज किती घालायची!)

१ जून १९४८ ला पहिली एसटी नगर-पुणे रस्त्यावर धावली. तेव्हापासून आमच्याकडच्या किती आयांनी त्या गाडीकडं डोळे लावले असतील! परवा शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली, पाण्याचा हात लागू दिला नाही. पंधरा दिवस टिकते.

फोनवर त्यानं विचारलं, "आई, गुडघा कसा आहे?" म्हटलं, "बरा आहे." खोटं बोलले. महिना झाला, दळणाचा डबा उचलवत नाही. तुमच्यातल्याही कितीजणी असंच बोलतात, मला ठाऊक आहे. येत्या रविवारी मी खरं सांगणार आहे. तुम्हीही सांगा, बायांनो. चटणीत मीठ जास्त झालंय, तेही सांगेन.