बाटलीवरची बारीक अक्षरे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजीत छापलेले काहीही घरात आले, की ते माझ्यापुढे येते. मग ते खताचे पोते असो की बँकेचा कागद. गेल्या वर्षी आईच्या हातांची बोटे सुजू लागली, तेव्हा ओळखीच्या एका बाईंनी आल्याच्या कॅप्सूलची बाटली विकत दिली. "वाच गं," आई म्हणाली. मी मोठी अक्षरे वाचली : नैसर्गिक, पचन सुधारते, सांध्यांची सूज उतरते. झाले! माझ्या शिक्षणावर भरवसा ठेवून आईने पाच महिने त्या घेतल्या.

गंमत अशी, की आम्ही सातारा जिल्ह्यातले, आलेच पिकवणारे. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास गादीवाफ्यावर कंद लावायचे, पावसाळाभर कंदकुजीच्या धास्तीने झोप उडवून घ्यायची आणि शेवटी पाचशे किलोंची गाडी धरून व्यापारी म्हणेल तो भाव पदरात घ्यायचा. त्याच आल्याची चिमूटभर पूड आम्ही विकत घेतली! अण्णांनी मनात हिशेब केला आणि काही न बोलता टोपी झटकून ते शेतात गेले.

आल्याला मी नावे ठेवीत नाही. जेवणाआधी आल्याचा तुकडा सैंधवाबरोबर चघळला की भूक लागते, हे आजीला ठाऊक होते. मळमळीवर, विशेषतः गर्भारपणातल्या, आल्याचा उपयोग होतो हे आजचे संशोधनही मान्य करते. आल्यातली जिंजेरॉल, सुंठीतली शोगाऑल ही द्रव्ये प्रयोगशाळेत सूज कमी करताना दिसली आहेत. पण झिजलेल्या गुडघ्यांच्या रोग्यांवर चाचण्या झाल्या, त्यांत आराम मिळाला तो थोडाच. आणि आईचे दुखणे त्यातले नव्हतेच. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून आमवात सांगितला. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटते, तो हा विकार. यात सुरुवातीचे महिने मोलाचे. औषधाला उशीर झाला आणि सांधा वाकडा झाला, की गोळ्यांनी तो सरळ होत नाही.

मित्रमैत्रिणींनो, 'नैसर्गिक' या शब्दापुढे आपण फार लवकर मान तुकवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. धोतऱ्याचे बोंडही नैसर्गिकच! रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय आल्याचा अर्क घेऊ नये, हे विकणारा कधी सांगतो का? सुंठीवाचून खोकला गेला तर उत्तमच. पण सुंठीच्या कॅप्सूलने आमवात जातो, असे आमच्या आजीनेही कधी म्हटले नव्हते.

परवा फळीवर ती रिकामी बाटली सापडली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापले होते : औषधी उपयोगासाठी नाही. ते वाचण्याइतके इंग्रजी मला तेव्हाही येत होते.

आता आईला डॉक्टरांचे औषध चालू आहे. चहात आले रोज असते, आमच्याच वाफ्यातले. ते ठेचून मी देते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे अजून पुरती मिटत नाहीत.