घरांतील तरवार व कायद्याची मोजपट्टी

गेल्या खंडेनवमीस आम्ही एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं गेलों होतों. देवघरापुढें चौरंगावर एक तरवार मांडलेली होती. म्यानाचें कातडें झडलेलें, मुठीवरचा मुलामा उडालेला. परंतु पात्यास गंध लावलेलें व वर झेंडूचीं दोन फुलें वाहिलेलीं. स्नेह्यांचे पणजोबा एका संस्थानांत कारकून होते व निवृत्त होतांना त्यांस ही तरवार मिळाली होती. तिनें आजवर काकडीहि कापली नसेल. पण चार पिढ्या तिची पूजा मात्र चुकली नाहीं.

या वर्षीं पूजेस उदासपणाची छटा होती. वाडा पाडावयाचा ठरला असून स्नेह्यांचा मुक्काम आतां परगांवीं मुलाकडे हलणार आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, ही वस्तु गाडींत घालून निघालों आणि वाटेंत झडती झाली, तर आपण काय सांगायचें?" काकू ऐंशी उलटलेल्या. त्या तेथूनच म्हणाल्या, "देवाची वस्तु ती! तिला रे परवाना कसला?" आणि आम्ही निघतांना स्नेही जिन्यापर्यंत येऊन हळूच बोलले, "रात्रीं नदींत सोडून द्यावी, असें मनांत येतें."

मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं. घरीं येऊन कायदा चाळला. हा प्रश्न पुष्कळ घरांतून दबलेला असावा, म्हणून या महिन्याचें टिपण त्यासच वाहिलें आहे.

ज्या कायद्याची भीति आपल्या रक्तांत भिनली आहे, तो सन १८७८ चा. १८५७ च्या धक्क्यानंतर या देशास निःशस्त्र करण्याचें जें धोरण सुरू झालें, त्याचा तो कळस होय. त्यांतील 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येंत बंदुका व तोफा तर होत्याच. पण तरवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण, किंबहुना भाल्याचें नुसतें टोंकहि होतें. सूट प्रथम होती ती युरोपियनांस व सरकारच्या मर्जींतील मंडळींस. शस्त्र कसलें आहे यापेक्षां तें कोणाच्या हातीं आहे, हें पाहणारा तो कायदा होता. त्याचा सल इतका खोल होता कीं, १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांच्या ठरावांत नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्कहि घातला. पुढें डिसेंबर १९४८ मध्यें घटना समितींत श्री. ह. वि. कामत यांनीं तशी दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनीं तीस विरोध केला व समितीनें ती स्वीकारली नाहीं. हा हक्क सरसकट दिला तर तो सज्जनाप्रमाणेंच गुंडासहि द्यावा लागेल, ही अडचण उघड होती.

स्वराज्याचा कायदा आला तो १९५९ सालीं व अमलांत आला १ ऑक्टोबर १९६२ पासून. जुन्या कायद्याचा हेतु सगळ्या राष्ट्रास निःशस्त्र करण्याचा होता, हें हें विधेयक मांडतांना सरकारनेंच नमूद केलें. नव्या कायद्यानें बंदूक व तरवार यांची फारकत केली. बंदुकीस परवाना सर्वत्र हवा. तें कलम तिसरें. तरवारीसारख्या इतर शस्त्रांस तो हवा, पण केंद्र सरकारनें राजपत्रांत जाहीर केलेल्या क्षेत्रांत व जाहीर केलेल्या प्रकारांपुरता. तें कलम चौथें. घरगुती वा शेतकामासाठींच बनविलेली वस्तु, साधी लाठी किंवा हातांतील काठी यांस व्याख्येंतूनच वगळलें आहे.

नियमांच्या परिशिष्टांत पांचवा वर्ग आहे, तो बंदुकीखेरीज इतर शस्त्रांचा. तरवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला, कुऱ्हाडीसारखें युद्धशस्त्र, कृपाण, कुकरी वगैरे ज्यांचें पातें नऊ इंचांहून लांब अथवा दोन इंचांहून रुंद, तीं या वर्गांत येतात. घरकाम, शेती, शास्त्र व उद्योग यांसाठीं बनविलेलीं पातीं मात्र त्यांत येत नाहींत. आपल्या स्वयंपाकघरांतील विळीचें पातें व कोंकणांतील नारळ सोलण्याचा कोयता मोजून पाहावा. पट्टीप्रमाणें दोन्ही शस्त्रें ठरतील. तरी कायदा त्यांस शस्त्र म्हणत नाहीं, कारण तीं कशासाठीं घडविलीं हें उघड दिसतें.

सगळ्या विषयाचें मर्म आमच्या मतें येथें आहे. कायद्यास पाहावयाचा असतो हेतु. पण हेतूस लांबी नसते, म्हणून तो पातें मोजतो. जेथें हेतु वस्तूच्या अंगावर लिहिलेला आहे, तेथें तो पट्टी बाजूस ठेवतो. जेथें लिहिलेला नाहीं, तेथें इंच बोलतात. दिल्लींत १९८० सालीं बटणाच्या चाकूंबाबत जी अधिसूचना निघाली, तिनें ७.६२ सेंटिमीटर म्हणजे तीन इंच लांबीचें पातेंहि नियमाखालीं आणलें. उलट शीख बांधवांचें कृपाण धारण करणें हा त्यांच्या धर्माचरणाचाच भाग आहे, असें घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदांत स्पष्ट लिहिलें आहे.

इंग्लंडांतहि हाच धागा दिसतो. तेथील १९८८ च्या कायद्यानें सार्वजनिक जागीं पातें बाळगण्यास बंदी केली. तीन इंचांपर्यंतच्या घडीच्या चाकूस सूट आहे; इतरांनीं कामधंदा, धर्म, राष्ट्रीय पोशाख असें सबळ कारण दाखवावें लागतें. म्हणजे हेतु सिद्ध करण्याचा भार बाळगणाऱ्यावर. आपल्याकडे शब्द निराळे असले, तरी रस्त्यांत अडविल्यावर अनुभव तोच येतो.

आतां आपल्या प्रांताविषयीं. महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला. मर्दानी खेळांच्या आखाड्यांतून तो फिरविणाऱ्या मुलामुलींस पाहून कोणाची छाती फुगणार नाहीं? परंतु दांडपट्ट्याचें पातें नऊ इंचांच्या कितीतरी पुढें जातें, आणि शस्त्रांचा विषय घटनेनें केंद्राकडे सोपविला आहे. राज्याच्या मानानें केंद्राच्या कायद्यांतून सूट मिळत नाहीं. शिवाय १९५१ च्या पोलिस कायद्याच्या ३७ व्या कलमान्वयें पोलिस आयुक्त वा जिल्हादंडाधिकारी हे शांततेसाठीं जेव्हां मनाई हुकूम काढतात, तेव्हां तरवारच काय, साधी काठीहि रस्त्यावर बाळगणें गुन्हा होतो. सणासुदीस व निवडणुकांच्या दिवसांत हे हुकूम वरचेवर निघतात. म्हणून पालकांस आमची विनंति कीं, धारेचें शस्त्र मुलांच्या हातीं देऊन त्यास दुचाकीवरून पाठवूं नये. सरावास बोथट पट्टा किंवा लांकडी फरीगदका वापरावा. खरें शस्त्र आखाड्याच्या चालकांनीं परवान्यानें आखाड्यांतच कुलुपांत ठेवावें, व मिरवणुकीस अगोदर लेखी परवानगी घ्यावी.

दुसरी एक टूम निघाली आहे. वाढदिवसाचा केक तरवारीनें कापून तिचें चित्र जगभर पसरविण्याची. अशा तरुणांवर गुन्हे दाखल झाल्याच्या वार्ता आपण वाचतोंच. जाहीर क्षेत्रांत विनापरवाना शस्त्र बाळगल्यास शिक्षा एक ते तीन वर्षें कैद व दंड अशी आहे. विशेष कारणें नमूद केल्याखेरीज न्यायालयासहि ती वर्षाखालीं आणतां येत नाहीं. घटकाभराच्या मिजाशीपायीं नोकरी, परदेशगमन व आईबापांची झोंप पणास लावणें हें शौर्य नव्हे. पूर्वजांच्या तरवारीस यापेक्षां मोठा अपमान कोणता?

आतां पुन्हां स्नेह्यांकडे वळूं. काकूंची श्रद्धा खरी. पण देवघर हें परवान्याचें ठिकाण नव्हे. जुनाट व दुर्मिळ शस्त्रांविषयीं कायद्याच्या ४५ व्या कलमांत कांहीं सवलत आहे. तथापि तिच्या भरवशावर घरच्या घरीं निवाडा करून बसूं नये. आणि नदीचा मार्ग तर मुळींच नको. रात्रीं चोरून टाकलेली वस्तु सकाळीं कोणाच्या हातीं पडेल, याचा नेम नसतो. शिवाय चोरून टाकल्यानें निर्दोष माणूसच आपणहून गुन्हेगारासारखा वागूं लागतो.

आम्हीं त्यांस एवढेंच सुचविलें. तरवारीचें छायाचित्र काढावें, पात्याचें माप लिहावें, संस्थानचा जुना कागद शोधावा, व वकिलाच्या सल्ल्यानें जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे परवान्याचा अर्ज करावा. तो मिळेपर्यंत ती परगांवीं हलवूं नये. दोन दिवसांनीं त्यांचा निरोप आला. पणजोबांची सनद पोथ्यांच्या गाठोड्यांत सांपडली होती. ती काकूंनींच काढून दिली. अर्ज गेला आहे.

१८७८ चा कायदा आपणांवर अविश्वासानें लादला गेला होता. त्यापुढें भिऊन शस्त्र लपविणें हें त्या काळीं समजण्यासारखें होतें. आजचा कायदा आपलाच आहे. त्यापुढें लपणेंहि नको व मिरविणेंहि नको. आपला हेतु स्वच्छ असेल तर तो कागदावर उतरवून ठेवावा. म्हणजे पुढच्या खंडेनवमीस फूल वाहतांना हात कांपणार नाहीं.