दद्रू, मलमाची ट्यूब आणि आपण

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की आमच्या कोकणातील दवाखान्यांत एक ठरावीक रुग्णवर्ग दिसू लागतो. जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, स्त्रियांत परकराची नाडी बसते त्या जागी, कडा उचललेली, लालसर, अतिशय खाजणारी मंडले घेऊन हे रुग्ण येतात. कोणी त्यास गजकर्ण म्हणतो, कोणी नायटा. आपण दद्रू म्हणतो. आम्ही व्यवसाय सुरू केला त्या काळी हा विकार दोन-तीन आठवड्यांच्या उपचाराने निघून जात असे आणि रुग्णही तो विसरून जात असे. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र त्याचे रूप पालटले आहे. आता तो महिनोन्‌महिने रेंगाळतो, पावसाळा संपला तरी जात नाही आणि एकट्याने येत नाही. नवऱ्यापाठोपाठ बायको येते, तिच्यापाठोपाठ मुले येतात.

या रुग्णांत आणखी एक साम्य आहे. तपासणीच्या टेबलावर बसण्यापूर्वीच ते खिशातून किंवा पिशवीतून पिळून चपटी झालेली एक ट्यूब काढून दाखवितात. “हे लावले की दोन दिवस बरे वाटते, सोडले की दुप्पट होते,” हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की रुग्णाने तोंड उघडण्यापूर्वी ते आम्हांस पाठ असते.

ही ट्यूब म्हणजे काय, हे या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. एक तीव्र स्टेरॉइड, बहुधा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन. त्यात एक बुरशीनाशक आणि एक-दोन प्रतिजैविके. त्वचेवर काहीही उमटले तरी लागू पडावे अशी ही मिसळ आहे. स्टेरॉइड दाह आणि कंडू शमविते, म्हणून रुग्ण खूष होतो. पण त्याच वेळी ते त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्तीही झोपविते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. मंडलाची ओळखीची कडा पुसली जाते, एका वर्तुळात दुसरे वर्तुळ उमटते आणि निदान करणाऱ्या वैद्याचीही फसगत होते. पुढे त्वचा पातळ होते, जांघेत पांढरे पट्टे पडतात, चेहऱ्यावर लावले असेल तर पुरळ येते, लव वाढते, केशवाहिन्या दिसू लागतात. क्लोबेटासोलसारखे औषध सलग दोन आठवड्यांपेक्षा अधिक लावू नये, हा आधुनिक वैद्यकाचाच दंडक आहे. आमच्याकडे येणारा रुग्ण ते आठ-आठ महिने लावून आलेला असतो आणि त्याच ट्यूबमधून घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही लावीत असतो.

याचे परिणाम आता केवळ एका कुटुंबापुरते राहिलेले नाहीत. २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांच्या त्वचेतून मिळालेल्या एका बुरशीला स्वतंत्र नाव दिले : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन हे वर्षानुवर्षे भरवशाचे मानलेले औषध तिच्यातील अनेक वाणांवर चालत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरातही तिचे रुग्ण आढळल्याची नोंद झाली. आपल्या देशाचे नाव एका हट्टी गजकर्णाला चिकटावे, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. स्टेरॉइडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर हे या साथीमागील एक प्रमुख कारण असावे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत, आणि आमचा अनुभव त्यांच्या म्हणण्यास दुजोरा देतो.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. शेड्यूल एच मधील औषधांना चिठ्ठी लागते, परंतु बाह्य उपयोगाच्या औषधांना त्यातून दीर्घकाळ सूट होती आणि त्या फटीतूनच या ट्यूबा घरोघर पोहोचल्या. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ बाह्योपयोगी स्टेरॉइडांचा शेड्यूल एच मध्ये स्पष्ट समावेश केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. त्यात अशी काही मलमेही होती. कायदा असा आहे. प्रत्यक्षात मात्र ग्राहक काउंटरवर रिकामी ट्यूब ठेवतो, दुकानदार तशीच भरलेली ट्यूब पुढे सरकवितो आणि चिठ्ठीचा प्रश्नच उद्भवत नाही.

येथपर्यंत वाचून आपल्यातील अनेकांनी समाधानाने मान डोलावली असेल. दोष आधुनिक औषधांचा आहे, आपण आयुर्वेदवाले नामानिराळे, असे वाटणे सोपे आहे. आम्हांसही तसेच वाटत असे. म्हणून स्वतःचाच एक अनुभव येथे नमूद करणे आम्ही आवश्यक समजतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वी एक विक्रेता आमच्याकडे ‘तयार मलम’ घेऊन आला. एक किलोचा प्लॅस्टिकचा डबा, त्यावर ना घटकांची यादी, ना परवाना क्रमांक. “संपूर्ण वनौषधी, डॉक्टरसाहेब. तीन दिवसांत खाज बंद,” असे त्याने सांगितले. मलमाला निंबाचा वास होता, रंग हिरवट होता. आम्ही ते घेतले, छोट्या डब्यांत भरले आणि रुग्णांस दिले. खाज खरोखरच तीन दिवसांत बंद झाली. दवाखान्यात गर्दी वाढली आणि ‘आयुर्वेदाचा गुण’ म्हणून आम्हीही ते मिरवले. चार महिन्यांनी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आईबरोबर परत आली. तिच्या मांड्यांवर आतल्या बाजूस लांब, खोलगट पट्टे पडले होते. ते पाहताच आमच्या मनात शंका आली. मलमाचा नमुना खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतला. अहवालात स्टेरॉइड निघाले. डबा आम्ही फेकून दिला, विक्रेत्यास दार बंद केले, त्या मुलीच्या आईस जे खरे ते सांगितले. पण ते पट्टे काही पुसले गेले नाहीत. तिने आमच्याकडे येण्याचे कारणच हे होते की तिला ‘स्टेरॉइड नको, आयुर्वेदिक हवे’ होते.

हा अनुभव आमच्या एकट्याचा असता तर येथे लिहिला नसता. व्यवसायबंधूंशी खासगीत बोलताना अशा डब्यांच्या कथा अनेकांनी सांगितल्या आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने वैद्यास स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करण्याची मोकळीक ठेवली आहे. ही मोकळीक आपल्या ज्ञानावर आणि सचोटीवर टाकलेल्या विश्वासाची खूण आहे. अनामिक डब्यातले मलम स्वतःच्या नावाने देणे म्हणजे त्या विश्वासाचा भंग होय. तसेच महाराष्ट्रात आपणांस आधुनिक औषधे लिहिण्याची जी मुभा मिळाली आहे, तिचा उपयोग आपण दद्रूवर तीच मिश्र ट्यूब लिहून करणार असू, तर दुकानदारास नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

आता शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी दद्रूची गणना क्षुद्रकुष्ठांत केली, सुश्रुताचार्य आणि वाग्भटाचार्य यांनी ती महाकुष्ठांत केली. विद्यार्थिदशेत हा आपल्याला परीक्षेतील गुणांपुरता प्रश्न वाटे. आजचा रेंगाळणारा, पुन्हा पुन्हा उलटणारा दद्रू पाहिला की त्यास महत्‌ म्हणणाऱ्यांची दृष्टी पटते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात कुष्ठाच्याच अध्यायाच्या अखेरीस औपसर्गिक रोगांचे विवेचन आहे. अंगस्पर्श, एकत्र शय्या व आसन, दुसऱ्याची वस्त्रे आणि लेप यांच्याद्वारे कुष्ठादी रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात, असे तेथे स्वच्छ सांगितले आहे. आपण मात्र रुग्णास दूध आणि मासे एकत्र न खाण्यावर पंधरा मिनिटे ऐकवितो आणि घरात टॉवेल किती जण वापरतात हे एकदाही विचारीत नाही. विरुद्धाशन हे निदान आहेच. पण ओला लंगोट, घट्ट जीन्स आणि सामाईक पंचा हीदेखील निदानेच आहेत, आणि निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे.

चिकित्सेबाबत आपल्यापाशी काही कमी नाही. टाकळ्याला शास्त्राने दद्रुघ्न हेच नाव दिले आहे. त्याचे बी ताकात वाटून केलेला लेप, करंज तेल, आरग्वधाची पाने, पोटात गंधक रसायन, आरोग्यवर्धिनी, महामंजिष्ठादी काढा, खदिरारिष्ट आणि योग्य रुग्णांत विरेचनादी शोधन, हे सर्व आपल्या नित्य परिचयाचे आहे. परंतु तीन दिवसांत खाज बंद करण्याच्या शर्यतीत ही औषधे स्टेरॉइडपुढे हरणारच, आणि त्या शर्यतीत आपण उतरूच नये. स्टेरॉइड थांबविल्यावर काही दिवस लाली आणि खाज उसळते, हे रुग्णास आधीच सांगितले नाही तर तो चौथ्या दिवशी पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. जांघेतील कातडी आधीच पातळ झालेली असेल तर तीक्ष्ण लेपही तेथे अपाय करतो. व्याधी सर्वांगभर पसरला असेल, रुग्ण मधुमेही असेल, गर्भिणी किंवा बालक असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढ्या सामग्रीवर खरवडलेल्या कोंड्यातील बुरशी पाहता येते. ही तपासणी आपल्या दवाखान्यांत होऊ लागली तर विचर्चिकेला दद्रू आणि दद्रूला विचर्चिका समजण्याचे प्रकार पुष्कळ कमी होतील.

यास्तव आमची काही मते आम्ही सभासदांपुढे ठेवीत आहोत.

वैद्यांनी दद्रूच्या रुग्णास स्टेरॉइडमिश्रित मलम लिहू नये. ज्या मलमाचे घटक स्वतःस माहीत नाहीत ते दवाखान्यात ठेवू नये; विकत घेतलेल्या औषधावर नियम १६१ प्रमाणे घटक व त्यांचे प्रमाण छापलेले आहे की नाही हे पाहावे. औषध लावताना मंडलाच्या कडेबाहेर दोन बोटे लावावे, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही किमान दोन आठवडे उपचार सोडू नये, हे चिठ्ठीवर मराठीत लिहून द्यावे. घरातील इतर बाधितांस त्याच वेळी बोलावून उपचार द्यावेत. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात ऊन नसेल तर उलट्या बाजूने इस्त्री फिरवावी.

फार्मसीधारक बंधूंस आमची विनंती एवढीच की ट्यूब मागणाऱ्यास चिठ्ठी विचारावी. “आम्ही नाही दिली तर पुढचा दुकानदार देईल,” हे उत्तर आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच हे एकेकट्याने करण्यापेक्षा तालुक्यातील सर्वांनी मिळून ठरवावे आणि संघटनेने त्यात पुढाकार घ्यावा. एका ट्यूबवरचा नफा किरकोळ असतो. चिठ्ठीशिवाय ट्यूब न देणारे दुकान म्हणून मिळणारी पत मात्र पिढ्यांपर्यंत टिकते.

ती मुलगी आता संसारी झाली आहे. मध्यंतरी आपल्या लहानग्याला घेऊन ती आमच्याकडे आली होती. मुलाच्या मानेवर एक छोटे मंडल उठले होते. आम्ही चिठ्ठी लिहीत असता तिने शांतपणे विचारले, “डॉक्टर, यात काय काय आहे ते सांगाल का?” आम्ही एकेक घटक सांगितला आणि चिठ्ठीवर लिहूनही दिला. हा प्रश्न प्रत्येक रुग्णाने विचारावा आणि त्याचे उत्तर प्रत्येक वैद्यापाशी व प्रत्येक दुकानात तयार असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.