मुंबईची खरेदी: केवढ्याला मिळालं की किती घेतलं?



चातुर्मास संपला की लग्नाचे मुहूर्त निघतात आणि घराघरांत मुंबईच्या खरेदीचा विषय सुरू होतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या आपल्या बायका रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसतात, सकाळी मुंबईत उतरतात, अंघोळ-दर्शन आटोपतात आणि बाजाराला लागतात. कापडासाठी मंगळदास मार्केट, साड्या आणि ड्रेस मटेरियलसाठी दादरचं हिंदमाता, इमिटेशनच्या दागिन्यांसाठी भुलेश्वर. मुली बरोबर असल्या की आझाद मैदानासमोरचं फॅशन स्ट्रीट, कुलाबा कॉजवे आणि वांद्र्याचा लिंकिंग रोड ठरलेलाच.

स्वस्तात चांगलं घेण्यात काही चूक आहे, असं मी म्हणणार नाही. काटकसर हा आपल्या घरांचा गुणच आहे. माझं म्हणणं एवढंच, की अशा बाजारात जाताना आपण मर्यादा घालतो ती चुकीच्या जागी घालतो. आपण पैसे मोजतो. मोजायला हवेत ते नग.

साधा हिशोब करू. समजा, ३००० रुपये खर्चायचे असं ठरवून निघालो. गावातल्या चांगल्या दुकानात त्यात दोन कुर्ते येतील. फॅशन स्ट्रीटवर ३०० चा एक मिळाला तर दहा येतील. बजेट पाळलं, एक रुपयाही जास्त गेला नाही, म्हणून आपण समाधानानं परत येतो. कपाटात मात्र दोनाऐवजी दहा नग आले. म्हणजे वस्तू जितकी स्वस्त, तितका परिग्रह मोठा. पैशांची मर्यादा महागड्या दुकानात आपल्याला आवरते. स्वस्त बाजारात तीच मर्यादा ‘अजून शिल्लक आहेत की’ म्हणत आपल्याला पुढच्या गाळ्याकडे ढकलते.

आपल्या आचार्यांनी हे केव्हाच ओळखलं होतं. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताचं नावच परिग्रह-परिमाण आहे. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार सांगताना शेत, घर, सोनं, धान्य यांच्याबरोबर ‘कुप्य’ हा शब्द येतो. टीकाकारांनी त्यात सुती आणि रेशमी वस्त्रं धरली आहेत. म्हणजे कपड्यांचंही परिमाण ठरवायचं असतं, आणि ठरलेलं परिमाण ओलांडणं हा दोष मानला आहे. तो कपडा किती स्वस्तात मिळाला, याची सूट त्यात कुठेच नाही.

म्हणून निघण्याआधी, घरी बसून, आकडा ठरवा. माझ्यासाठी दोन, मुलीसाठी चार, सुनेसाठी तीन. तो आकडा कागदावर लिहा. ठरवण्याआधी एकदा कपाट उघडून बघा, म्हणजे आकडा आपोआप खरा निघतो. बाजारात उभं राहून ठरवू म्हणाल, तर तिथे आपलं मन आपलं राहत नाही. ‘घ्या ताई, शेवटचा पीस’ हे ऐकल्यावर भल्याभल्यांचा निश्चय डळमळतो!

नग मोजायला लागलं की आणखी एक फायदा होतो. चारच घ्यायचे म्हटल्यावर आपण नीट बघून घेतो. रस्त्यावरच्या गाळ्यांवर बहुधा ट्रायल रूम नसते आणि घेतलेला माल परत करणंही कठीण. मग शिवण उलटी करून बघा, चेन दोनदा लावून-काढून बघा, ओल्या रुमालानं घासून रंग सुटतो का ते बघा. पर्स, पट्टा, चप्पल चामड्याची नाही ना, हे विचारून घ्या. दहा नगांच्या गर्दीत हे कोण करतं?

आता भावाची गोष्ट. घासाघीस हा त्या बाजाराचा रिवाजच आहे. विक्रेता वाढवून सांगतो, आपण पाडून मागतो, मधे कुठेतरी जमतं. त्यात वाईट काही नाही. पण ‘समोर दोनशेला देतोय’ असं न विचारताच ठोकून देणं, किंवा पर्स भरलेली असताना ‘एवढेच उरलेत बघ’ म्हणणं, हे सत्याणुव्रतात कुठे बसवायचं? आपल्याला परवडतो तो भाव सांगावा, पटला तर घ्यावं, नाही तर नमस्कार करून पुढे जावं. आणि सौदा जमल्यावर शेवटच्या दहा-वीस रुपयांसाठी त्याला अडवू नये. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या माणसाची ती कमाई आहे.

मोठ्या ब्रँडचं नाव छापलेल्या नकली मालाबद्दलही बोललं पाहिजे. अचौर्याच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे, म्हणजे खऱ्याच्या नावाखाली नकली देणं. तो दोष मुळात व्यापाऱ्यासाठी सांगितला असला, तरी नकली आहे हे माहीत असून आपण घेतो आणि लग्नात खरा म्हणून मिरवतो, तेव्हा त्यातला थोडा वाटा आपलाही होतो. बिननावाचा साधा कुर्ता त्यापेक्षा कितीतरी चांगला.

काही जणी म्हणतील, ‘स्वस्तात घेतलं की पैसे वाचतात, तेच दानाला देता येतात.’ अगदी खरं, पण ते खरोखर दिले तर. बहुतेकदा वाचलेल्या पैशांची आणखी एक ओढणी येते. ठरलेले नग घेऊन झाले आणि हाताशी रक्कम उरली, तर ती त्याच दिवशी बाजूला काढा. आहार, औषध, शास्त्र, अभय, जिथे तुमचा भाव असेल तिथे द्या.

मुलींना हे सांगताना मात्र एक काळजी घ्या. नुसतं ‘नको’ म्हटलं की त्या रुसतात आणि पुढच्या वेळी मैत्रिणींबरोबर जातात. त्याऐवजी ‘चार घे, कोणते ते तू ठरव’ म्हणून बघा. निवड त्यांची, आकडा आपला. दोन-तीन खेपांनंतर आकडाही त्यांच्यावर सोडता येईल. दशलक्षण पर्वात उत्तम शौच म्हणजे लोभाचा त्याग असं आपण दरवर्षी ऐकतो. त्याचा सराव लिंकिंग रोडसारख्या ठिकाणी होतो तसा क्वचितच कुठे होत असेल.

आणि हो, दुकानं उघडता उघडताच जा. बोहनीच्या वेळी भावही बरा लागतो, गर्दी कमी असते, आणि सूर्यास्ताच्या आत जेवायला परतता येतं.

पुढच्या खेपेला मुंबईहून आल्यावर शेजारीण विचारेल, ‘केवढ्याला मिळालं गं?’ तिला भाव जरूर सांगा. आणि किती घेतलं, तेही सांगा.

जय जिनेंद्र.