रडक्या शिंजीची वकिली

आमच्या इंदूरात भंवरकुआं म्हणजे क्लासेसचं गाव. भोलाराम उस्ताद मार्गाच्या बाजूला ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या आहेत, त्याने त्या मुलांना भाड्याने दिल्या आहेत. मीही दिल्या आहेत. खंडवा, खरगोन, बऱ्हाणपूर, बैतूल इकडची पोरं येतात. कुणी नीटसाठी, कुणी जेईईसाठी, जरा थोराड असेल तर एमपीपीएससीसाठी. दिवसभर क्लास आणि टेस्ट, रात्री जेवणं झाली की मोबाईलवर जपानी ॲनिमे. गोकू, नारुतो, लुफी, तंजिरो ही नावं मला आता भाचे-पुतण्यांच्या नावांसारखी पाठ आहेत. या सगळ्या शूरवीरांच्या गर्दीत एक नाव निघालं की मात्र पोरं एका सुरात हसतात. शिंजी इकारी. "वो तो रोतलू है, आंटी!"

या रोतलूचं वकीलपत्र मी घेतलं आहे.

ज्यांना हा मुलगा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'निऑन जेनेसिस इव्हॅन्जेलियन' ही सव्वीस भागांची मालिका जपानमध्ये ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात टीव्ही टोकियोवर दाखवली गेली. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. २०१९ पासून ती नेटफ्लिक्सवर आहे, त्यामुळे माझ्या वरच्या मजल्यावरही आहे. शिंजी चौदा वर्षांचा. आई लहानपणीच गेलेली. बापाने दुसऱ्यांच्या घरी वाढायला ठेवलेला. तीन वर्षं तोंड न दाखवलेला तो बाप एक दिवस एका ओळीचं बोलावणं पाठवतो. मुलगा धावत जातो. आणि बाप त्याला एका अजस्र यंत्रापुढे उभा करून सांगतो की यात बस आणि बाहेर जो राक्षस शहर तुडवतोय त्याच्याशी लढ. बसायचं नसेल तर निघून जा.

कसा आहेस, जेवलास का, काही नाही.

पोरांचा आरोप असा की शिंजी रडतो, पळतो आणि सारखं "मला नाही जमणार" म्हणतो. आरोपपत्र खरं आहे, मी नाकारत नाही. पण पुरावा पूर्ण वाचावा. पहिल्याच भागात तो नाही म्हणाल्यावर बाप रेई नावाच्या मुलीला स्ट्रेचरवरून आणवतो. ती पट्ट्यांनी गुंडाळलेली, धड उठताही येत नाही, तरी उठायला बघते. शिंजी तिला सावरायला जातो आणि आपल्या तळहाताला लागलेलं तिचं रक्त बघतो. त्यानंतर तो यंत्रात बसतो. भीती गेलेली नसते. एकही दिवस शिकवणी नाही, तयारी नाही. गोकूला लढाईची हौस आहे, नारुतोला गावाचा प्रमुख व्हायचंय. शिंजीला काहीच व्हायचं नाहीये, तरी तो बसतो. पुढेही परत परत बसतो. मग याला भित्रा कसं म्हणायचं? भीती न वाटणाऱ्याच्या शौर्याचं मला तरी फारसं अप्रूप नाही.

आता "नाही म्हणतो" याबद्दल. अठराव्या भागात शत्रूच्या ताब्यात गेलेलं एक यंत्र समोर येतं आणि त्याच्या पोटात आपल्याच वयाचा कुणी पोरगा अडकलाय हे शिंजीला माहीत असतं. तो हात उचलायला नकार देतो. मी मरेन, पण माणूस मारणार नाही, असं म्हणतो. बाप त्याच्या हातातला ताबा काढून घेतो आणि यंत्र आपोआप चालू करतो. शिंजी आतच बसलेला. हात त्याच्याच यंत्राचे, डोळ्यांपुढे सगळं दिसतंय, आणि ते हात समोरच्याचा चुराडा करतायत. आतला पोरगा निघतो त्याच्या वर्गातला तोजी. सबंध मालिकेत सगळ्यांत शहाणा माणूस कोण, असं मला विचाराल तर त्या क्षणी नाही म्हणणारा शिंजी.

आपल्याला हे नवीन वाटू नये. ज्या ग्रंथाला आपण डोक्याशी लावतो त्याचा पहिला अध्यायच एका रडणाऱ्या योद्ध्याचा आहे. अर्जुनविषादयोग हे त्याचं नाव. गांडीव गळून पडलंय, अंगाला कंप सुटलाय, घशाला कोरड पडलीय. ज्ञानेश्वर माउलींनाही हा अध्याय गाळून पुढे जावंसं वाटलं नाही. मला नेहमी आठवतं ते दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला घडतं. श्रीकृष्ण आधी अर्जुनाला झापतो. हे काय षंढासारखं, ऊठ, असंच जवळजवळ. आणि त्या झापण्याचा उपयोग शून्य होतो! अर्जुन स्वच्छ सांगतो की मी लढणार नाही, आणि गप्प बसतो. खरी गीता त्यानंतर सुरू होते. खुद्द भगवंताचं रागावणं जिथे कामाला आलं नाही तिथे आपण आपल्या पोरांवर तेच औषध वर्षानुवर्षं चालवतोय.

बऱ्हाणपूरकडचा एक मुलगा माझ्याकडे राहायचा. मराठी बोलायचा, मला काकू म्हणायचा. एका टेस्टमध्ये मार्क कमी पडले आणि त्याने खोलीचं दार लावून घेतलं. सकाळी पोह्यांना खाली येईना. इंदूरात राहणाऱ्या माणसाने पोहे सोडले की समजावं, मामला गंभीर आहे. वडिलांचा फोन आला तेव्हा तो जिन्यात उभा होता आणि फोन स्पीकरवर होता. "शिकायचं असेल तर नीट शिक, नाहीतर बॅग भर आणि दुकानावर ये." एवढंच. वडील वाईट नव्हते, खोलीचं भाडं कधी एक दिवस उशिरा आलं नाही. पण ते वाक्य मी ऐकलं आणि म्हटलं, अरे, हा तर गेंदो इकारी! शिंजीच्या बापाचंच वाक्य, फक्त रोबोटऐवजी दुकान.

मी काही केलं असं नाही. दाराशी ताट ठेवत गेले. पोह्यांवर सेव, जिरावण आणि बाजूला लिंबाची फोड. पहिले दोन-तीन दिवस ताट तसंच परत. मग लिंबाची फोड पिळलेली दिसायला लागली.

आमच्या शहराचाही एक शिंजी होऊन गेला, हे इंदूरच्या मराठी माणसाला सांगावं लागू नये. पण सांगावं लागतं, कारण त्याचं नाव आपण दबक्या आवाजात घेतो. मालेराव होळकर. जन्म १७४५चा. वडील खंडेराव १७५४मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने गेले, तेव्हा पोरगा जेमतेम नऊ वर्षांचा. मे १७६६मध्ये आजोबा मल्हारराव गेले आणि होळकरांची सगळी दौलत या विशीतल्या मुलाच्या डोक्यावर आली. मल्हाररावांची दौलत! पेशवाईतला एवढा मोठा सरदार, त्याची जागा. वर्ष पुरं व्हायच्या आत, १७६७मध्ये, मालेराव वारला.

त्याच्याबद्दल आपण काय लक्षात ठेवलं? ब्राह्मणांना दान द्यायच्या कपड्यांत आणि जोड्यांत तो विंचू ठेवायचा, हे. मी लहानपणी तेवढंच ऐकलं होतं. पण जॉन माल्कमने माळव्यावरच्या १८२३च्या पुस्तकात पुढचीही हकिकत लिहून ठेवली आहे. संशयावरून मालेरावाने भरतकाम करणाऱ्या एका कारागिराला मारलं, आणि मग कळलं की तो निर्दोष होता. त्यानंतर मालेरावाचं डोकं फिरलं. लोक म्हणाले, कारागिराचं भूत लागलं. आई रात्रंदिवस उशाशी बसून असे आणि त्या भुताची विनवणी करी की तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, माझ्या मुलाला सोड. ती आई म्हणजे अहिल्याबाई. आईनेच मुलाला मारवलं अशी कंडीही पुढे पिकली. माल्कमने ती खोटी ठरवली, तरी ती अजून ऐकू येते.

मालेरावाचा गुन्हा लहान नव्हता. एक निरपराध माणूस जिवानिशी गेला. पण विंचवांची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगणाऱ्यांनी हे कधी सांगितलं नाही की निर्दोष माणसाला मारल्याचं ओझं या पोराला पेलवलं नाही आणि त्यातच तो संपला. त्या काळातल्या किती सरदारांना असल्या ओझ्याने झोप लागली नसेल? अहिल्याबाईंचं नाव विमानतळाला आहे, विद्यापीठाला आहे, आणि असायलाच हवं. पण त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यांत कठीण रात्री या भ्रमिष्ट मुलाच्या उशाशी गेल्या, आणि तो प्रसंग आपण त्यांच्या चरित्रातून घाईघाईने उलटून पुढे जातो.

आता पुनर्जन्माकडे येते, कारण इव्हॅन्जेलियनवर दुसरा आक्षेप त्याचा असतो. सारखं मरणं काय, परत जन्मणं काय, जग बुडवायचं काय आणि पुन्हा उभं करायचं काय! विसाव्या भागात तर शिंजीचं शरीरच यंत्राच्या पोटातल्या द्रवात विरघळून जातं. नुसता पोशाख तरंगत राहतो. त्या यंत्रात त्याच्या आईचा जीव अडकलेला आहे, म्हणजे पोरगा अक्षरशः आईच्या पोटात परत गेला. शास्त्रज्ञ महिनाभर खटपट करतात आणि फसतात. मग तो आपणहून बाहेर येतो. आईच्या पोटातली ऊब सोडून, जिथे बाप बोलत नाही आणि राक्षस येतच राहतात, त्या जगात.

१९९७च्या 'द एंड ऑफ इव्हॅन्जेलियन' या चित्रपटात हीच निवड साऱ्या मानवजातीपुढे येते. सगळे जीव एकमेकांत विरून एक होणार. मग कुणाला एकटेपण नाही, कुणाचं दुःख नाही. आपल्याकडे याला मोक्ष म्हणतील. आणि हा रडका पोरगा तो मोक्ष परत करतो. माणसं वेगळी राहोत, एकमेकांना दुखवोत, पण असोत, असं म्हणतो. पोरांना हा शेवट कळत नाही म्हणे. तुकोबांची गाथा ज्या घरात आहे तिथे तो कळायला हरकत नाही. मुक्ती नको, संतसंग दे आणि खुशाल पुन्हा गर्भवासात घाल, असं देवाला सांगणारा माणूस देहूत होऊन गेलाय. तुकोबा आणि शिंजी एका पंगतीत बसवते म्हणून कुणी रागावेल. रागवा.

त्याच चित्रपटाच्या सुरुवातीला बेशुद्ध असुकाच्या, म्हणजे त्याच्याबरोबर यंत्र चालवणाऱ्या मुलीच्या, खाटेशी शिंजी जे करतो त्याची वकिली मात्र मी करणार नाही. ते किळसवाणं आहे, त्याला स्वतःलाही तसंच वाटतं, आणि आन्नोंनी ते आपल्या पचनी पडावं म्हणून दाखवलेलं नाही.

आन्नोंनी ही गोष्ट पुढे चार चित्रपटांत पुन्हा सांगितली. पहिला २००७मध्ये आला, शेवटचा मार्च २०२१मध्ये. मधल्या तिसऱ्या चित्रपटानंतर ते स्वतःच नैराश्याने मोडून पडले होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. मालिकेच्या आधीही काही वर्षं त्यांनी तशीच काढली होती. म्हणून शेवटच्या चित्रपटातलं गाव मला इतकं खरं वाटतं. जग उद्ध्वस्त झाल्यावर उरलेली माणसं एका वस्तीत भातशेती करून राहतायत. तोजी आता मोठा होऊन गावाचा डॉक्टर झालाय. शिंजी येतो, पण बोलत नाही, खात नाही, तळ्याकाठी जाऊन पडून राहतो. वर्गातलाच दुसरा मित्र केन्सुके त्याला राहू देतो. असुका रागावते, तोंडात जबरदस्तीने घास कोंबते. रेईसारखी दिसणारी मुलगी बायकांबरोबर चिखलात उतरून भाताची लावणी शिकते आणि अधूनमधून त्याच्याकडे डोकावून जाते. एक दिवस शिंजी तिला विचारतो की सगळे माझ्याशी इतके चांगले का वागतात, आणि ढसाढसा रडतो. त्यानंतर तो मासे धरायला जातो. पुनर्जन्म म्हणतात तो एवढाच, आणि त्याला चित्रपटाचा मोठा भाग लागतो. पोरं तो भाग पुढे पळवतात. "बोर है, आंटी."

मला विचाराल तर त्यातली सगळी लढाई पळवा, पण लावणी पळवू नका.

बऱ्हाणपूरच्या मुलाने पुढच्या वर्षी परीक्षा दिली की दुकानात बसला हे मी इथे सांगणार नाही. ते सांगितलं की वाचक लगेच ठरवतील की ताटाचा उपयोग झाला की नाही. ताट उपयोगासाठी ठेवलेलं नव्हतं.

ज्यांना बघायचंय त्यांनी आधी सव्वीस भाग बघावेत, मग १९९७चा चित्रपट, मग नवे चारही क्रमाने. विसावा भाग गाळू नये. चौदा-पंधराच्या आतल्या मुलांना १९९७चा चित्रपट दाखवू नये. मोठ्या मुलांना दाखवायचा तर शेजारी बसून दाखवावा, आणि मुलगा मध्येच उठून गेला तर त्याच्या मागे जाऊन अभ्यासाचं विचारू नये.